मेडिकलमध्ये असिस्टंट व्हायचंय: सहा महिन्यांचा कोर्स करू की थेट दुकानात शिकू?

इचलकरंजीची_लेक

नमस्कार मंडळी. मी बी.कॉम. केलंय. आमच्या गल्लीतल्या मेडिकलचे काका म्हणाले, "ये कामाला, सगळं शिकवतो." त्याच सुमारास एका खासगी क्लासची जाहिरात बघितली. 'फार्मसी असिस्टंट, सहा महिने, शंभर टक्के नोकरी, पुढे स्वतःचं मेडिकल काढा' असं त्यात लिहिलंय. फी आमच्या घराला जड जाईल एवढी आहे. आई म्हणते सर्टिफिकेट हातात असलं की बरं. बाबा म्हणतात दुकानात उभी राहा, पगार घेत घेत शीक.

मला हे काम खरंच आवडेल असं वाटतं. आजीची औषधं गेली काही वर्षं मीच लावते, डब्यात सकाळ-दुपार-रात्र असं भरून ठेवते. पण यात पुढे काय आहे, कुठपर्यंत जाता येतं, हे नीट सांगणारं कुणी नाही. या लाइनमधले कुणी असतील तर मोकळेपणाने सांगा.

रॅकमागे

ताई, मी नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे. पुण्यात एका मेडिकलवर बसतो, नव्या पोरापोरींना शिकवायचं कामही माझ्याकडेच असतं. आधी जाहिरातीतल्या त्या शेवटच्या वाक्याबद्दल. सहा महिन्यांच्या कोर्सवर स्वतःचं मेडिकल निघत नाही. किरकोळ विक्रीचं लायसन्स, म्हणजे फॉर्म 20 आणि 21, मिळायला दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो. नोंदणी होते डी.फार्म. (फार्मसीचा डिप्लोमा) किंवा बी.फार्म. (फार्मसीची पदवी) वर, महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलमध्ये. फार्मसी ॲक्ट 1948 चं कलम 42 सरळ सांगतं की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं.

'फार्मसी असिस्टंट' हा कोर्स खोटा नाही. केंद्र सरकारच्या कौशल्य योजनेत, हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलकडे या नावाचा अभ्यासक्रम आहे, आणि त्यातून माणूस मदतनीस म्हणून तयार होतो. पण त्यावर कौन्सिलची नोंदणी होत नाही. क्लासवाला 'पुढे मेडिकल काढा' म्हणत असेल तर तो तुम्हाला फसवतोय. तिथे पैसे भरू नका.

डी.फार्म. चं म्हणाल तर बारावी सायन्स लागते, फिजिक्स, केमिस्ट्री आणि सोबत बायोलॉजी किंवा मॅथ्स. कॉमर्सवर प्रवेश नाही. दोन वर्षं कॉलेज, एमएसबीटीईची (राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाची) परीक्षा, आणि नंतर 500 तासांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग. 'घरबसल्या डी.फार्म.' असा कुणाचा फोन आला तर तो कट करा. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया पत्राद्वारे डी.फार्म. मानत नाही.

गावाकडचा_केमिस्ट

वरच्या साहेबांचं कायद्याने बरोबर आहे, पण जमिनीवरचं थोडं वेगळं सांगतो. माझ्या दुकानात एक मुलगा दहावी झाल्यावर आला, आज त्याच्याइतका रॅक कुणालाच पाठ नाही. डॉक्टरांचं अक्षर तो झोपेत वाचेल. नुकतं डी.फार्म. होऊन आलेलं पोरगं त्याच्यासमोर उभं राहिलं की आठवडाभर नुसतं बॉक्स शोधत असतं. तेव्हा ताईंनी डिग्रीचा बाऊ करू नये. काम शिकलं की माणसाला मागणी असते. आमच्या तालुक्यात चांगला काउंटरचा माणूस मिळत नाही म्हणून दोन दुकानदारांनी संध्याकाळची वेळ कमी केलीय.

रॅकमागे

तुमच्या मुलाचं कौतुक मनापासून. असे लोक नसते तर आमची दुकानं चालली नसती. पण रॅक पाठ असणं ही एक गोष्ट आणि औषध कळणं ही दुसरी.

संध्याकाळची गर्दी. एक गृहस्थ येतात, गुडघा दुखतोय, 'ती नेहमीची दुखण्याची गोळी द्या' म्हणतात. रॅक पाठ असलेला मुलगा दोन सेकंदांत डायक्लोफेनॅकची स्ट्रिप काढतो. त्या गृहस्थांची हृदयाची झडप बदललेली आहे, ते रोज ॲसिट्रोम घेतात, रक्त पातळ राहायची गोळी. दोन्ही एकत्र गेल्या तर पोटात रक्तस्राव व्हायची भीती असते. हे विचारायला हवं हे कुणी शिकवलं तर कळतं. बॉक्सवर ते लिहिलेलं नसतं.

किंवा मेथोट्रेक्सेट घ्या. संधिवाताला ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, आणि सोबत फॉलिक ॲसिड असतं. दोन्ही छोट्या पिवळसर गोळ्या. पेशंटने घरी जाऊन मेथोट्रेक्सेट रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, जगभर अशी प्रकरणं नोंदलेली आहेत. म्हणून आम्ही पाकिटावर वार लिहितो. 'आठवड्यातून एकदा' एवढंच नाही, 'फक्त रविवारी' असं. वार कोणता ते पेशंटलाच विचारायचं आणि त्याच्याकडून वदवून घ्यायचं.

असिस्टंटने हे निर्णय घ्यायचे नाहीत. पण 'थांबा, सरांना विचारते' हे कुठे म्हणायचं, ते त्याला कळलं पाहिजे. माझ्या मते असिस्टंटच्या शिक्षणाचा गाभा हाच. बाकीचं हाताला सवयीने येतं.

निवृत्त_सिस्टर

मी सरकारी रुग्णालयात नर्स होते. माझं एक कळकळीचं सांगणं आहे, इन्सुलिनबद्दल.

आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक 40 युनिट प्रति मिलीच्या असतात आणि पेनमधली कार्ट्रिज 100 ची. सिरिंजही दोन प्रकारच्या. लाल टोपणाची 40 ची, केशरी टोपणाची 100 ची. आता 40 च्या बाटलीसोबत काउंटरवरून 100 ची सिरिंज गेली, आणि बाईंनी घरी 20 च्या खुणेपर्यंत भरली, तर अंगात जातात फक्त 8 युनिट. साखर खाली येत नाही, डॉक्टर डोस वाढवतात, मग एक दिवस योग्य सिरिंज मिळते आणि साखर धाडकन उतरते. घाम, थरथर, चक्कर. अशी माणसं मी वॉर्डात बघितली आहेत.

बाळ, काउंटरला उभी राहिलीस तर बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतोय का हे प्रत्येक वेळी वाचून बघ. 'रोजचंच गिऱ्हाईक आहे' म्हणून सोडू नकोस.

आणि इन्सुलिन फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत, पण फ्रीझरच्या खणाला चिकटून नाही. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी वापरायचं नसतं.

इचलकरंजीची_लेक

सिस्टर, हे वाचून अंगावर काटा आला. आजी इन्सुलिनवरच आहे. आत्ता उठून बघितलं, बाटली 40 ची आणि सिरिंज लाल टोपणाचीच आहे. हे आम्हाला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. मनापासून आभार.

रॅकमागे सर, क्लास रद्द. आता दुकानात गेले तर सुरुवातीला काय काय शिकायचं, कशाकडे लक्ष ठेवायचं, ते सांगाल का? आणि बी.कॉम. चा या धंद्यात काहीच उपयोग नाही का?

रॅकमागे

पहिले काही आठवडे तुम्हाला काउंटरवर येऊच देणार नाहीत. माल उतरवा आणि लावा, एवढंच. त्याला कंटाळू नका, खरा अभ्यास तिथेच होतो. स्टॉकिस्टचा (दुकानांना माल पुरवणाऱ्या ठोक विक्रेत्याचा) माल आला की बिल हातात घ्यायचं आणि प्रत्येक बॉक्सवरचा बॅच नंबर, एक्सपायरी, एमआरपी बिलाशी ताडून बघायची. बिलात एक बॅच आणि बॉक्सवर दुसरी, हे नेहमी होतं. स्कीमचा माल (दहावर एक फुकट वगैरे) वेगळा मोजायचा. मग रॅकवर लावताना जुना माल पुढे, नवा मागे. ज्याची एक्सपायरी आधी तो आधी जायला हवा. तीन-चार महिन्यांत संपणारा माल बाजूला काढून ठेवायचा, नाहीतर स्टॉकिस्ट परत घेत नाही आणि मालकाचे पैसे बुडतात.

माल लावतानाच नावं डोळ्यांत बसतात. टेल्मा 40 बघा. यात नुसतं टेल्मिसार्टन आहे. टेल्मा-एच मध्ये त्याच्या जोडीला लघवीवाटे पाणी काढणारं औषध, टेल्मा-एएम मध्ये ॲम्लोडिपिन. तिन्ही बीपीच्या, बॉक्स सख्ख्या बहिणींसारखे, रॅकवरही शेजारी शेजारी. इकोस्प्रिन 75 म्हणजे नुसती ॲस्पिरिन, इकोस्प्रिन-एव्ही मध्ये कोलेस्टेरॉलची गोळी पण आहे. पॅन 40 आणि पॅन-डी, ग्लायकोमेट-जीपी 1 आणि जीपी 2. चिठ्ठीतलं ते शेवटचं अक्षर किंवा आकडा हेच औषध असतं. मी नव्या मुलांना सांगतो की ब्रँड पाठ करू नका, ब्रँडखाली बारीक अक्षरात जे लिहिलंय ते वाचा. रोज पाच स्ट्रिप उलट्या करून वाचल्या तरी वर्षात तुम्ही बऱ्याच डी.फार्म. च्या मुलांना मागे टाकाल.

स्ट्रिप कापणं. हे कुणी नीट शिकवत नाही. बॅच आणि एक्सपायरी स्ट्रिपच्या एका टोकाला छापलेली असते. कापायला सुरुवात नेहमी दुसऱ्या टोकाकडून करायची, म्हणजे छापील टोक शेवटपर्यंत दुकानात राहतं. आणि गिऱ्हाइकाला जे तुकडे दिले त्यांच्या पाकिटावर औषधाचं नाव, ताकद आणि एक्सपायरी पेनाने लिहायची. नाव नसलेल्या चार गोळ्या घरातल्या डब्यात पडल्या की पुढे त्या कुणाच्या पोटात जातील सांगता येत नाही.

लहान मुलांची अँटिबायोटिकची पावडरची बाटली. आई विचारते, "यात पाणी किती घालू?" उकळून गार केलेलं पाणी, बाटलीवरच्या खुणेपर्यंत. आधी थोडं घालून हलवायचं, फेस बसला की पुन्हा खुणेपर्यंत भरायचं. तयार झालेलं औषध किती दिवस चालतं ते लेबलवर असतं, तेवढ्या दिवसांनी उरलेलं टाकून द्यायचं. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्धं पाकीट ग्लासात घालून पाजणाऱ्या आया मी दर उन्हाळ्यात बघतो. जास्त घट्ट झालं की बाळाला उलट अपाय होतो.

बी.कॉम. बद्दल मला सांगण्यासारखं फार नाही, दुसरे कुणी सांगतील.

ठोकवाला_सांगली

मी सांगतो! ताई, बी.कॉम. ला कमी लेखू नका. तुमच्यासमोर एक दार उघडं आहे आणि ते कुणीच दाखवलं नाही.

किरकोळ मेडिकलला फार्मासिस्ट लागतो हे खरं. पण औषधांच्या ठोक विक्रीचं लायसन्स, फॉर्म 20-बी आणि 21-बी, याला जो जबाबदार माणूस दाखवावा लागतो तो फार्मासिस्टच असायला हवा असं नाही. औषध नियम 1945 मधला नियम 64 बघा. नोंदणीकृत फार्मासिस्ट चालतो. मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी आणि औषधांच्या व्यवहाराचा एक वर्षाचा अनुभव असलेला माणूसही चालतो. दहावी पास आणि औषध विक्रीचा चार वर्षांचा अनुभव असेल तरी चालतं. म्हणजे तुमची बी.कॉम. पदवी आणि मेडिकलमधलं एक वर्ष, एवढ्यावर तुम्ही एखाद्या एजन्सीत त्या जागेवर बसू शकता. पुढे भांडवल जमलं तर स्वतःची एजन्सी. जागा किमान 10 चौरस मीटर लागते.

गावाकडच्या केमिस्टसाहेबांच्या त्या दहावीच्या मुलालाही हे लागू आहे. त्याला जरूर सांगा.

फक्त अनुभव कागदावर हवा. दुकानदार तोंडी काही म्हणो, एफडीएला (राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला) दाखला लागतो. आमच्याकडे कितीतरी मुलं वर्षानुवर्षं काम करून रिकाम्या हाताने बाहेर पडली, कारण मालकाने त्यांचं नाव कुठेच लावलं नव्हतं.

गावाकडचा_केमिस्ट

चार वर्षांचं मला खरंच माहीत नव्हतं. उद्याच त्याला सांगतो. त्याला हजेरी आहे, पगार बँकेतून जातो, दाखला द्यायला काहीच अडचण नाही.

मेलबर्नमराठी

इकडचं थोडं सांगते. ऑस्ट्रेलियात 'फार्मसी असिस्टंट' हे वेगळं, मान असलेलं काम आहे. कम्युनिटी फार्मसीचा सर्टिफिकेट कोर्स काम करता करता होतो, आणि शेड्यूल 2 व 3 मधल्या (चिठ्ठीशिवाय, पण फार्मसीतच मिळणाऱ्या) औषधांसाठी असिस्टंटला वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं. शेड्यूल 3 चं औषध मागितलं की फार्मासिस्टला मध्ये घ्यायचंच.

आम्हाला सगळ्यात आधी पाच प्रश्न पाठ करून घेतात. औषध कुणासाठी आहे? त्रास नेमका काय? किती दिवसांपासून? त्यावर आतापर्यंत काय केलं? दुसरी कोणती औषधं चालू आहेत? वर सरांनी ॲसिट्रोमचं सांगितलं, ते पाचव्या प्रश्नात सापडलं असतं. हे प्रश्न मराठीतही अगदी सहज विचारता येतात, आणि मावशी-काकांना कुणी आपुलकीने विचारलेलं आवडतंच.

नाशिकची_डीफार्म

मी आर्ट्स सोडून पुन्हा बारावी सायन्स केली आणि मग डी.फार्म. झाले, म्हणून लिहावंसं वाटलं. ताईंचं वय कमी असेल आणि घरून साथ असेल तर या रस्त्याचाही विचार करावा. अभ्यास अवघड आहे पण कंटाळवाणा नाही. फार्माकॉलॉजी (औषध शरीरात कसं काम करतं ते) आणि कम्युनिटी फार्मसी (दुकानातलं काम) हे विषय शिकताना मेडिकलवरचं काम करत असाल तर धडा वाचतानाच पेशंट डोळ्यांसमोर उभा राहतो. पुढे जिल्हा परिषदेच्या औषध निर्माण अधिकारी पदाला अर्ज करता येतो, जनऔषधी केंद्र काढता येतं, आणि बी.फार्म. ला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची सोयही आहे. डिप्लोमासाठी एक्झिट परीक्षेचे नियम 2022 मध्ये आलेत, तेव्हा नोंदणीला काय लागतं ते कॉलेजच्या माहितीपत्रकात नाही, कौन्सिलच्या संकेतस्थळावर वाचा.

एक विनंती सगळ्या नव्या फार्मासिस्टना. पास झाल्या झाल्या मला एका दुकानदाराने विचारलं होतं, "सर्टिफिकेट भिंतीला लावू दे, महिन्याला पैसे पोचतील, तू यायची गरज नाही." मी नाही म्हटलं. पैशाची गरज तेव्हाही होतीच. पण माझ्या नावाखाली कुणीही कुणालाही काहीही देणार, आणि जबाबदारी माझी. 2012 च्या सुमारास महेश झगडे एफडीएचे आयुक्त असताना फार्मासिस्ट हजर नसलेल्या दुकानांवर राज्यभर कारवाई झाली, तेव्हा दुकानदार संघटनांनी बंद पुकारले होते. माझ्या सरांनी त्या काळातल्या गोष्टी सांगितल्या आहेत. त्या कारवाईमुळे बऱ्याच पोरांना खरी नोकरी लागली, नुसतं भाडं नाही.

इचलकरंजीची_लेक

नाशिकच्या ताई, बारावी परत करणं आत्ता जमणार नाही, धाकटा भाऊ शिकतोय. पण मनात ठेवते. ठोकवाले दादा, तुम्ही सांगितलेलं बाबांना वाचून दाखवलं. ते दोनदा म्हणाले, "बघ, बी.कॉम. वाया नाही गेलं."

अजून एक. काकांच्या दुकानात कधी कधी लोक चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या, अँटिबायोटिक मागतात. मी एकटी काउंटरवर असेन आणि ओळखीचं माणूस हटून बसलं तर काय करायचं?

रॅकमागे

हा प्रश्न तुम्ही कामाला लागायच्या आधीच विचारलात, फार बरं वाटलं.

पहिलं म्हणजे तुम्ही काउंटरवर एकट्या असणंच चुकीचं आहे. फार्मासिस्ट बाहेर गेला असेल तर चिठ्ठीवरची औषधं तो येईपर्यंत थांबतात. गिऱ्हाइकाला तसं सांगायचं, "सर येतायत, दहा मिनिटं बसा."

दुसरं, स्ट्रिप वाचायला शिका. डाव्या बाजूला लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय घ्यायचं नाही. शेड्यूल एच-1 (औषध नियमांतली जास्त कडक यादी) च्या औषधांवर लाल चौकटीत इशारा असतो. हे शेड्यूल 1 मार्च 2014 पासून लागू झालं. त्यात वरच्या पिढीतली अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं आणि अल्प्राझोलामसारख्या सवय लागणाऱ्या गोळ्या आहेत. ही विकली की वेगळ्या रजिस्टरमध्ये पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव-पत्ता, औषध आणि नग लिहावे लागतात, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. हे लिहायचं काम असिस्टंटकडे येतं. सुवाच्य आणि त्याच दिवशी लिहा. औषध निरीक्षक आला की तो आधी तीच वही मागतो. टीबीचं औषध नेणाऱ्या पेशंटची माहिती सरकारी यंत्रणेला कळवणंही 2018 पासून केमिस्टवर बंधनकारक आहे.

आणि हटून बसलेल्या माणसाला 'देता येत नाही' एवढंच म्हणून पाठवू नका. "काका, ही गोळी रजिस्टरला चढवावी लागते, चिठ्ठी नसेल तर काय लिहू?" असं म्हटलं की बहुतेक लोक ऐकतात. सोबत जवळचा दवाखाना किती वाजेपर्यंत उघडा आहे तेही सांगा. अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या मागणाऱ्याला बऱ्याचदा डॉक्टरची फी वाचवायची असते. त्याला सरकारी दवाखाना दाखवून द्या. तो माणूस पुन्हा तुमच्याच दुकानात येतो, हे मी पक्क्या अनुभवाने सांगतो.

निवृत्त_सिस्टर

आणि रात्री दुकान बंद करताना कोण सोबत असणार, किती वाजता सुटका होणार, हे काकांशी आत्ताच बोलून घे. मेडिकल उशिरापर्यंत चालू असतात. दिवसभर उभं राहायचं काम आहे, पायांत चांगल्या चपला घाल आणि जेवणाची वेळ ठरवून घे.

इचलकरंजीची_लेक

काकांना भेटून आले. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सात, रविवारी सुट्टी. त्यांचा मुलगा बी.फार्म. आहे आणि तो दिवसभर दुकानात असतो, त्यामुळे एकटीवर वेळ येणार नाही. अनुभवाच्या दाखल्याचं विचारलं, ते हो म्हणाले. त्यात नक्की काय काय लिहून घ्यायचं?

ठोकवाला_सांगली

दुकानाच्या लेटरहेडवर, त्यावर लायसन्स नंबर असायलाच हवा. तुमचं पूर्ण नाव, कामाला लागल्याची तारीख, काम काय करता (औषधांची खरेदी-विक्री, साठा, बिलिंग), मालकाची सही आणि शिक्का. पण दाखला वर्षाच्या शेवटी लागेल. आत्ता पहिल्याच दिवशी नेमणुकीचं साधं पत्र घ्या, तारीख घालून. पगार बँकेत घ्या, रोख नको. पासबुकातली नोंद हा तुमचा दुसरा पुरावा. वर्ष झालं की इथेच लिहा, अर्ज भरायला मी मदत करतो.